१०८ दिवस झाले, सगळे रिपोर्ट निगेटिव्ह, तरी भीती जाईना (तासगाव)

बेदाणा_दिवाणजी

नमस्कार मंडळी. तोंडाने कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय २७. तासगावात एका अडत्याकडे दिवाणजी आहे. बेदाण्याचे सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या विक्रीचे हिशोब), कोल्ड स्टोअरेजमध्ये कुणाचे किती बॉक्स पडलेत त्याची वही, हे माझं काम. लग्न ठरलंय. मुलगी विट्याकडची, साखरपुडा झाला, माघातली तारीख धरलीय.

२ ऑगस्टला, शनिवारी, मालकांनी वसुलीसाठी पुण्याला पाठवलं. काम संध्याकाळीच उरकलं. तिथं गावाकडचाच एक दोस्त असतो, तो म्हणाला चल, मसाजला जाऊ. खोटं कशाला बोलू, तिथं नुसता मसाज नसतो हे दोघांनाही ठाऊक होतं. जे झालं ते एवढंच: चुंबन, हाताने, आणि शेवटी थोडा वेळ ओरल, तेही कंडोम लावून. कंडोम तिथल्या मुलीनेच ड्रॉवरमधून काढला. मी पाकीट दाताने फाडायला गेलो तर मलाच ओरडली, फाटेल म्हणून. बाकी काही नाही. संबंध आले नाहीत. कंडोम फाटला नव्हता, मी उजेडात धरून बघितला. वीस मिनिटांत बाहेर.

माझ्या उजव्या हाताच्या बोटाला तेव्हा कापलेलं होतं. बॉक्सला जी प्लास्टिकची पट्टी आवळतात तिने, दोन दिवस आधी. रक्त येत नव्हतं. पण होतं कापलेलं.

रविवार, सोमवार काही वाटलं नाही. मंगळवारी रात्री बारा वाजता झोप येईना म्हणून मोबाईल उघडला आणि वाचलं की एचआयव्ही लागू नये म्हणून गोळ्या असतात, पण त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. मी बोटांवर तास मोजले. शनिवारी रात्री दहा ते मंगळवारी रात्री बारा. चौऱ्याहत्तर. दोन तासांनी हुकलं. त्या दोन तासांत मी काय करत होतो तेही आठवतंय, घरी बसून मॅच बघत होतो.

तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत. बुधवारी घसा दुखायला लागला. शुक्रवारी जीभ पांढरी दिसली. मग रोज सकाळी मोबाईलची बॅटरी लावून आरशात जीभ बघायची आणि फोटो काढायचा. माझ्या मोबाईलमध्ये होणाऱ्या बायकोचे फोटो चाळीस आहेत आणि जिभेचे दोनशेच्या वर. जबड्याखाली एक गाठ लागते हाताला, हरभऱ्याएवढी. आधी होती की नाही माहीत नाही, कारण आधी कधी चाचपलीच नव्हती. आता दिवसातून तीसेक वेळा चाचपतो, दुखते.

आणि वजन. आमच्याकडे बॉक्स तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. १५ किलोचा बॉक्स असतो, पण काटा मोठा आहे, माणूस उभा राहिला तरी चालतो. सकाळी हमाल यायच्या आत मी त्यावर उभा राहतो. ६२ किलो ४००. ६२ किलो १५०. ६१ किलो ९००. एका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. एक हमाल लवकर आला तर त्याने पकडलं, आता रोज विचारतो, "दिवाणजी, आज कितीला गेला?" सगळे हसतात. मीही हसतो.

टेस्ट सांगतो. नवव्या दिवशी केली, निगेटिव्ह. मग कळलं की नवव्या दिवसाच्या टेस्टला अर्थ नसतो. तिसाव्या दिवशी सांगलीत जाऊन चौथ्या पिढीची (नव्या पद्धतीची, लवकर पकडणारी) केली, निगेटिव्ह. तासगावात करत नाही, इथला लॅबवाला माझ्या मावसभावाच्या वर्गातला आहे. सत्तेचाळीसाव्या दिवशी परत तीच, निगेटिव्ह. त्या लॅबमधला पोरगा म्हणाला, दादा, एवढी शंका असेल तर पीसीआर, म्हणजे थेट विषाणूच शोधणारी टेस्ट, करून घ्या, पाच हजारात बसवतो. दिवाळीत सौदे बंद असतात, झिरो पेमेंटचे, म्हणजे मागची सगळी येणी-देणी मिटवायचे हिशोब सोडले तर काम नाही, तेव्हा सगळ्यात जास्त हाल झाले. दिवसभर रिकामं डोकं. शेवटी चौऱ्याण्णवाव्या दिवशी तोंडाला मास्क लावून सांगली सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी तपासणी-समुपदेशन केंद्रात गेलो. एचआयव्ही, आणि सिफिलिसची व्हीडीआरएल. दोन्ही निगेटिव्ह. कावीळ बी आणि सी बाहेर केल्या, त्याही निगेटिव्ह. तिथल्या ताई म्हणाल्या, "झालं, आता परत यायचं काम नाही."

त्या रात्री तीन महिन्यांत पहिल्यांदा झोपलो. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी आंघोळ करताना मनात आलं, माझ्या पुढच्या माणसाचं आडनाव माझ्यासारखंच होतं. नळ्या बदलल्या असतील तर?

एका डॉक्टरांनी लिहिलेलं वाचलं, अशा प्रसंगात धोका "नगण्य" असतो. नगण्य म्हणजे किती? आमच्या काट्यावर पन्नास ग्रॅमसुद्धा दिसतात. शून्य असेल तर शून्य लिहा की.

शेवटचं. घरात तीन वर्षांची पुतणी आहे. ती पहिल्यापासून माझ्याच ताटात जेवते. ऑगस्टपासून मी ताट वेगळं घेतो. वरच्या खोलीत नेऊन खातो. आई विचारते तर म्हणतो सर्दी आहे. साडेतीन महिने सर्दी.

आता सांगा, अजून एक टेस्ट करू का? पीसीआर करू का? मुलीला सांगू का? की लग्नच मोडू? कृपया शिव्या देऊ नका, त्या मी स्वतःला रोज देतो.

वाघ्या_००७

भावा रक्त शुद्ध करायचा काढा घे ४० दिवस. रिपोर्टवर इश्वास ठेवू नको, दहा वर्षं लपून राहतो तो व्हायरस. आमच्याकडे एकाला डास चावून झालता.

माजी_समुपदेशक_सातारा

वाघ्याचं आधी संपवतो. डासाने एचआयव्ही होत नाही. डासाच्या पोटात तो विषाणू वाढत नाही, पचून जातो. तसं असतं तर सांगली, सातारा काय, कृष्णाकाठचं एकही गाव उरलं नसतं. दहा वर्षं लपतो ते लक्षणांच्या बाबतीत, टेस्टपासून लपत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दिवाणजी, तुझ्याकडे येतो. मी सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात चौदा वर्षं समुपदेशक होतो, कंत्राटी. तुझ्यासारखी पोरं आठवड्याला दोन तरी यायची, गणपती आणि थर्टी फर्स्ट झाल्यावर जास्त. एक सांगतो, खरोखर धोका घेतलेला माणूस सहसा एवढं मोजत नाही. तो येतच नाही, त्याला बोलवावं लागतं.

तुझा प्रसंग. एचआयव्ही जातो रक्तातून, वीर्यातून, योनीस्रावातून, आईच्या दुधातून. लाळेतून जात नाही. हाताने जात नाही. चुंबनाने जात नाही. तुझ्या बाजूने ओरल, तेही अखंड कंडोममध्ये: त्यात विषाणूला जायला वाटच नव्हती. बोटाचं म्हणशील तर दोन दिवसांपूर्वीचं कापलेलं, रक्त थांबलेलं, ते कातडीने बंद केलेलं असतं. शिवाय हा विषाणू बाहेर हवेत आला की लुळा पडतो. त्यामुळे ७२ तासांचा हिशोब तुला लागूच नव्हता. शनिवारी रात्री साडेदहालाच दवाखान्यात पोचला असतास तरी माझ्या मते त्या २८ दिवसांच्या गोळ्या तुला कुणी दिल्या नसत्या. त्या दोन तासांवर तू साडेतीन महिने रडतोयस, ते तुझ्या खात्यात कधी पडलेच नव्हते. मॅच बघितलीस ते बरं केलंस.

लक्षणं. एचआयव्हीचा सुरुवातीचा ताप येतो तो साधारण दोन ते चार आठवड्यांनी. तुझा घसा चौथ्या दिवशी दुखला. आजाराला एवढी घाई नसते. गाठीचं तूच लिहिलंयस, दिवसातून तीस वेळा चाचपतो. मांडीवर एकाच जागी तीस वेळा बोट दाबून बघ, संध्याकाळी तीही दुखेल. जबड्याखालच्या गाठी दातांच्या किडीनेही लागतात हाताला, दातवाल्याकडे जाऊन ये. जीभ पांढरी दिसते ती बहुतेक जणांची, फक्त बहुतेक जण बघत नाहीत. वजन भाकरी अर्धी झाल्यावर उतरणारच.

टेस्ट. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची टेस्ट ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली की विषय संपतो. तुझी ४७ व्या दिवसाची आहे. बोटातून थेंब घेऊन करायच्या किटला आम्ही ९० दिवस धरतो, जुना तीन महिन्यांचा हिशोब तोच. तुझी ९४ व्या दिवसाची आहे. म्हणजे दोन्ही काट्यांवर माल तोलून झाला. पीसीआरची गरज नाही, तो पोरगा तुला बसवत होता, माल नव्हे. नळ्या बदलल्या म्हणतोस, तर तिसाव्या दिवशी पण बदलल्या, सत्तेचाळीसाव्याला पण बदलल्या, आणि सांगलीत जाऊन सिव्हिलमध्ये पण बदलल्या? दर वेळी तुझीच? दिवाणजी आहेस, असा योगायोग दाखवणारी पट्टी तू मालकापुढे ठेवशील का?

"नगण्य" का लिहितात ते सांगतो, कारण हा प्रश्न मला चौदा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा विचारलाय. डॉक्टर शून्य शब्द सहसा वापरत नाही. उद्या सूर्य उगवेल का विचारलंस तरी तो म्हणेल, बहुधा. ती त्याची बोलायची रीत आहे, तुझ्या धोक्याचं माप नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: समोरची बाई खरोखर बाधित असेल, गोळ्या घेत नसेल, कंडोमशिवाय पूर्ण संबंध आला असेल, तरी पुरुषाला एका वेळेचा धोका दहा हजारात साधारण चार. आणि आपल्या देशात प्रौढांमध्ये बाधितांचं प्रमाण हजारी दोनच्या आसपास. लगेच कॅल्क्युलेटर काढू नकोस. हे आकडे पूर्ण संबंधाचे आहेत, तुझ्याकडे तर गुणाकाराला पहिला आकडाच नाही.

खोटा दिलासा मात्र देत नाही. ओरलने आणि कातडीला कातडी लागून पसरणारे दुसरे आजार असतात: सिफिलिस, गनोरिया, हर्पिस, एचपीव्ही. कंडोमने त्यांचा धोका बराच कमी होतो, पण झाकलेल्या भागापुरता. गनोरियाची जळजळ, पू हे दोन दिवसांत ते दोन आठवड्यांत दिसतं. सिफिलिसचा फोड तीन आठवड्यांच्या आसपास, जास्तीत जास्त ९० दिवसांत. हर्पिसचे पाण्याचे फोड साधारण बारा दिवसांच्या आत. यातलं काही दिसल्याचं तू लिहिलेलं नाहीस आणि व्हीडीआरएल ९४ व्या दिवशी निगेटिव्ह. पुढं कधी फोड, जळजळ काही दिसलं तर सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी आणि औषध फुकट. आणि एक काम खरंच राहिलंय: कावीळ बीची लस. तीन डोस, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. टेस्टवर घातलेल्या पैशात ती दोनदा झाली असती.

मास्क लावून गेलास ते ठीक, पण पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आयसीटीसीत टेस्ट संमतीशिवाय करत नाहीत आणि तिथली गोष्ट बाहेर सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे. फोनवर बोलायचं असेल तर १०९७, फुकट आहे, मराठीत बोलतात.

लग्न मोडायला वैद्यकीय कारण नाही. मुलीला सांगायचं का, हा प्रश्न माझ्या टेबलावरचा नाही.

बेदाणा_दिवाणजी

सर, खूप आभार. तुमचं उत्तर चार वेळा वाचलं. एकच शंका. कंडोम मी उजेडात धरून बघितला म्हणालो, पण उजेड पिवळा होता. बारीक छिद्र असतं तर दिसलं असतं का?

कराडकर_११_वेळा

सर, याचं उत्तर देऊ नका प्लीज. मी देतो.

दिवाणजी, माझं नाव बघ. ११ वेळा म्हणजे ११ टेस्ट. २०१९ ते २०२१. कराडात ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. माझं कारण तर तुझ्याहून फुसकं होतं, न्हाव्याने नवीन ब्लेड लावलं की नाही ते मी बघितलं नव्हतं. हस. मीपण आता हसतो. तेव्हा बायकोला माहेरी पाठवलं होतं दोन महिने.

दर टेस्टनंतर मला तुझ्यासारखेच तीन दिवस मिळायचे. पुढेपुढे दोन. अकराव्या टेस्टला तर रिपोर्ट हातात घेऊन पायऱ्या उतरतानाच पुढची शंका आली. तेव्हा कळलं की टेस्ट हे औषध नाही, टेस्ट हीच तल्लफ आहे. तंबाखूसारखी. आता सर तुला पिवळ्या उजेडाचं उत्तर देतील, तुला बरं वाटेल, परवा दिवशी तू विचारशील ड्रॉवर गरम होतं का.

मला शेवटी एका एमडीने मानसोपचारवाल्याकडे ढकललं. मी चिडलो होतो, मला काय वेड लागलंय का म्हणून. ओसीडी निघालं. डोक्यात शंका येणं आणि ती मिटवायला काहीतरी करत सुटणं, हे चक्र. गोळ्या सात-आठ महिने घेतल्या आणि दर आठवड्याला बोलायला जायचो. त्या बाईंनी मला शंका मिटवायला शिकवलंच नाही. शंका तशीच ठेवून दुकान उघडायला शिकवलं. पहिले पंधरा दिवस जीव जातोय असं वाटायचं. गाठ चाचपायची इच्छा झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग वीस. मी काउंटरवर बेरिंग मोजत बसायचो.

तुला लगेच दवाखाना जड वाटत असेल तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, रात्री दोनलाही उचलतात. आणि ते जिभेचे फोटो डिलीट कर. एकदम नाही झालं तर रोज दहा.

कृष्णाकाठची

मी मिरज तालुक्यातली. वय ४९. लिहू का नको म्हणत दोन दिवस गेले. पोरीने टाईप करून दिलंय, चुका तिच्या.

दिवाणजी, तुम्हाला ज्याची एवढी भीती वाटतेय, ते म्हणजे मी.

माझे मालक, म्हणजे नवरा, ट्रकवर होते. द्राक्षाच्या सीझनला इथला माल, नाहीतर काय मिळेल तो, दिल्लीपर्यंत. २००२ ला गेले. त्यांच्या आजारपणात माझी तपासणी केली तेव्हा कळलं. पोरगी दोन वर्षांची होती, तिचं देवाने राखलं, तिला नाही. तेव्हा सरकारी गोळ्या नव्हत्या. फुकटच्या गोळ्या २००४ पासून आल्या, त्याही आधी मोठ्या शहरात. त्यांना काही दोन वर्षं थांबता आलं नाही.

तेराव्यानंतर सासूने माझं ताट वेगळं केलं. जर्मनचं होतं, कडेला चेपलेलं. मोरीपाशी पालथं ठेवायची. तांब्यापण वेगळा. पोरगी माझ्या ताटाकडं दुडदुडत आली की जाऊ तिला उचलून न्यायची. मी काही बोलायची नाही, मलाच वाटायचं यांचं बरोबर असंल. पाच वर्षांनी एका ताईने बैठकीत सांगितलं की एका ताटात जेवल्यानं काही होत नाही, तेव्हा मी तिथंच रडले. पाच वर्षं पोरीला घास भरवला नव्हता.

तुमचं सगळं वाचलं मी. काटा, जीभ, सगळं. पण पुतणीच्या ताटापाशी आल्यावर पुढं वाचवंना. तुम्हाला आजार नाही. पण असता, तरीसुद्धा ती पोरगी तुमच्या ताटात जेवली असती तर तिला काही झालं नसतं. हे कुणी तुम्हाला सांगितलं नाही म्हणून मी सांगते. तुम्ही स्वतःचं ताट स्वतःच मोरीपाशी पालथं ठेवलंय आणि कुणी सांगितलंपण नव्हतं.

मी २००७ पासून गोळ्यांवर आहे. आधी सकाळ-संध्याकाळ होत्या, आता रात्री जेवल्यावर एक. वर्षाला व्हायरल लोड करतात, रिपोर्टवर लिहून येतं "टार्गेट नॉट डिटेक्टेड". त्याचा अर्थ डॉक्टरांनी सांगितला की रक्तात इतका कमी आहे की मोजता येत नाही, आणि असं टिकवलं तर संबंधातूनसुद्धा दुसऱ्याला जात नाही. बघा, मशीनला दिसत नाही एवढं कमी असलं तर मी त्याला "नाही" म्हणायला शिकले. तुमच्या रिपोर्टवर तर सरळ निगेटिव्ह लिहिलंय.

अजून एक, रागाचं आहे पण लिहिते. त्या पुण्याच्या मुलीबद्दल तुम्ही एक शब्द वाईट लिहिला नाही, ते बरं केलं. पण तिच्यापासून काय लागलं असंल हाच सगळा घोर. तिने कंडोम काढला. तिने तुम्हाला दाताने फाडू दिला नाही. त्या खोलीत अक्कल एकालाच होती. सांगलीत गोकुळनगरच्या बायका १९९२ पासून संग्राम संस्थेबरोबर हेच काम करत आल्यात, कंडोम वाटायचे, गिऱ्हाईक नाही म्हणालं तर परत पाठवायचं. पुढं १९९६ ला त्यांची स्वतःची परिषद झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. मला बैठकीत ताटाचं सांगणारी ताई अशाच कामातली होती. माझे मालक कुठं गेले होते ते मला माहीत नाही, पण तिथं कुणीतरी अशी ओरडणारी असती तर बरं झालं असतं.

मुलीला सांगायचं का म्हणून विचारलंत. मला माझ्या मालकांनी सांगितलं नव्हतं आणि त्यांच्यापाशी सांगायसारखं होतं. तुमच्यापाशी आजार नाही, त्यामुळे भिऊन सांगायची गरज नाही. पण लग्नाआधी तपासणीला दोघं जा. फुकट आहे. हे तुमच्यासाठी नाही, सगळ्यांनीच जावं म्हणून म्हणते. बाकी तुमचं तुम्ही बघा.

माजी_समुपदेशक_सातारा

ताई, नमस्कार. मी चौदा वर्षांत टेबलापलीकडून जे सांगत आलो ते तुम्ही मोरीपासून सांगितलंत.

दिवाणजी, ताई म्हणतायत ती तपासणी एकदाच, दोघांची, मुलीच्या मर्जीने, तारखेच्या आधी महिनाभर. त्याला तू "अजून एक टेस्ट" म्हणून आजपासून वाट बघत बसू नकोस. कराडकर म्हणतात ते ऐक. पिवळ्या उजेडाचं उत्तर मी देणार नाही.

वाघ्या_००७

ताई सॉरी. डासाचं मला खरंच तसं वाटत होतं. आमच्यात सगळेच म्हणतात.

कृष्णाकाठची

असू दे. आमच्यातपण म्हणतात.

बेदाणा_दिवाणजी

सतरा दिवसांनी लिहितोय.

१४४१६ ला तीन वेळा केला. पहिल्या वेळी नुसतं ऐकून ठेवून दिला. सांगलीत विश्रामबागला एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे दोन वेळा जाऊन आलो. गोळी सुरू केलीय, झोप येते, तोंड कोरडं पडतं. कोरडं तोंड कशाचं लक्षण असतं ते शोधायला मोबाईल काढला होता, परत खिशात घातला. कराडकर भाऊ, अठरा मिनिटं. जिभेचे फोटो दोनशे अकरा होते, आता चौऱ्याऐंशी आहेत. हिशोब ठेवायची खोड जाणार नाही बहुतेक, डॉक्टर म्हणाले फोटो कमी झाल्याचा हिशोब चालेल.

दातवाल्याकडे गेलो. खालची दाढ किडलीय. कावीळ बीचा पहिला डोस घेतला.

मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. लग्नाआधी दोघांनी तपासणी करू एवढं फोनवर बोललो, तर ती म्हणाली, "मी म्हणणारच होते, पण तुमच्या घरच्यांना कसं वाटेल म्हणून गप्प होते." त्यावर काय बोलायचं कळेना.

ताई, तुमच्यासाठी एक. परवा एकादशी सोडताना खाली सगळ्यांच्यात बसलो. पुतणी आली आणि न विचारता माझ्या आमटीत हात घातला. हात धुतला नव्हता तिने. मला धडधडलं, पण ताट सरकवलं नाही. तिने सगळी आमटी माझ्या सदऱ्यावर सांडली. आई म्हणाली, गेली वाटतं सर्दी.

काल साडेचारशे बॉक्स उतरले. काट्यापाशी उभा होतो, हमाल म्हणाला, "दिवाणजी, आज कितीला गेला?" म्हटलं, सौदा बंद आहे, बॉक्स चढव.

नंतर सगळे जेवायला गेल्यावर एकदा उभा राहिलो, खोटं कशाला बोलू. वहीत लिहिलं नाही.

कराडकर_११_वेळा

किती भरलं ते सांगू नकोस.

बेदाणा_दिवाणजी

नाही सांगत.